आमच्या वाडीतलं व्हय

आमच्या वाडीत कुणी खोटं बोलत नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण होतचंद ओव्हरसियर आम्हांला चारचौघांत खोटारडे म्हणाला होता आणि ते मला अजून झोंबतं. आम्ही फक्त पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाही. दारात आलेल्या माणसानं काही मागितलं की 'व्हय' म्हणायचं. त्या व्हयचा अर्थ, तुमचं म्हणणं कानावर आलं, आता बसा, पाणी घ्या. काम होणार की नाही ते मागाहून कळतं, आणि कसं ओळखायचं हे तोंडवलीपासून मसुऱ्यापर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. होतचंदाला ठाऊक नव्हतं. तो सिंधमधला होता.

गोष्ट सत्तावन्न सालची. खाडीच्या काठाला आमची सखल खाजणातली भातशेती आहे. जुना मातीचा बांध फुटला आणि भरतीचं खारं पाणी थेट शेतात येऊ लागलं. माझी निदान वर कोरड्या भरडावर थोडी जमीन होती. शेजारच्या सुगंधावैनीचं जे काय होतं ते सगळं खाजणात. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा गुरुदास मुंबईला गोदीत. शिमग्याला आला तेव्हा खारानं पांढरं पडलेलं शेत बघून तो म्हणाला, "आये, औंदा भात नाय झाला तर चवथीक येतंय आणि तुका घेऊन जातंय. हय एकटी रवान काय खातलंस?"

वैनी म्हणाली, "व्हय रे."

इतकी वर्षं मुंबईला राहून गुरुदास आमचं व्हय विसरला होता. त्यानं ते खरं धरलं आणि परत जाऊन आपल्या खोलीत आईच्या खाटेसाठी जागासुद्धा केली. इकडे वैनी माझ्या अंगणात बसून रडली. "लवू, थंय दार उघडला की समोर दुसऱ्याचा दार. माझो जीव थंय रमाचो नाय." मी म्हटलं, मग त्याला तसं सांग. ती म्हणाली, "लेक इतको मायेन बोलवता, तेका नाय कसा म्हणू?"

मी तिला पाणी आणून दिलं. मीही ह्याच वाडीचा.

शिमगा आटोपला आणि सरकारकडून होतचंद आला. बांध मंजूर झाला होता. दगड आणि पाणी अडवायचं लाकडी दार सरकार देणार, मातीकाम वाडीनं श्रमदानानं करायचं. पावसाआधी झालं तर झालं, नाहीतर मंजुरी दुसऱ्या गावाला जाणार. माणूस उंच, बोलायला सरळ, इतका सरळ की ऐकणाऱ्याला टोचावं. वैनीची पडवी रिकामी होती म्हणून त्याची तिथे सोय लावली. पहिल्याच दुपारी वैनीनं दुसऱ्यांदा भात वाढायला हात पुढे केला, तर हा ताटावर हात आडवा धरून म्हणाला, "नहीं." नुसतं नहीं. पोट भरलं नाही, सुरेख झालं होतं नाही. वैनीचं तोंड संध्याकाळपर्यंत उतरलेलं होतं. तिला वाटलं कालवण बिघडलं. आणि तो बापडा पोटभर जेवून मजेत घोरत होता.

त्यानं शाळेच्या पडवीत सभा घेतली. मला थोडंफार हिंदी येत होतं, म्हणून दुभाषा मी. त्यानं विचारलं, सोमवारी फावडी घेऊन सगळे येणार का. सगळे म्हणाले, "व्हय, येताव." होतचंद खूश झाला. सोमवारी तो खाडीवर उन्हात एकटा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो घरोघर फिरला आणि एकेकाला पकडून म्हणाला, येणार की नाही, एक काय ते सांग. आता स्वतःच्या उंबऱ्यावर उभं राहून सरकारी माणसाला नाही कोण म्हणणार? प्रत्येक जण व्हय म्हणाला. त्यामुळे घोटाळा आणखी वाढला, कारण असं तोंडावर व्हय म्हटल्यावर त्याच माणसापुढे पुन्हा जायचं कसं? धोंडू तर बाजाराला जाताना माडांच्या मागून वळसा घालून जाऊ लागला. बाबलीनं शहाळी पाठवली आणि गुडघा धरल्याचा निरोप दिला. ह्याहून स्पष्ट नकार आमच्याकडे नसतो. होतचंदानं शहाळी प्यायली आणि गुडघ्याला लावायला तेल पाठवलं.

शेवटी त्याचा संयम सुटला. देवळासमोर आम्ही चारजण बसलो होतो तिथे येऊन तो म्हणाला, तुम्ही सगळे खोटारडे आहात, ह्या गावाला बांध नको असं मी वर कळवतो. एवढं बोलून तो सामान भरायला गेला. मला राग आला होता, पण वैनीचं शेत डोळ्यांपुढून हलत नव्हतं, म्हणून मी त्याच्या मागून गेलो.

वैनी पडवीच्या दारात उभी होती, आत होतचंद वळकटी बांधत होता. महिनाभर तिच्या हातचं खाऊन तिचं अर्धं बोलणं त्याला कळू लागलं होतं. अर्धं मी सांगत गेलो.

"जावा तुमी," वैनी म्हणाली. "पण खोटारडे म्हणा नकात. तुमका सगळ्यांनी सांगला, तुमीच आयकलास नाय."

"काय सांगितलं? सगळे हां बोले."

"पयल्या दिसा तुमी माझ्या भाताक नाय म्हणालास. माका वाटला माझा रांधप तुमका आवडाक नाय. तसा होता काय?"

होतचंद गोंधळला. "नहीं माई. पेट भर गया था."

"बघा. तुमचा नाय म्हणजे नाय नव्हता. आमचा व्हय म्हणजे व्हय नव्हता. तुमी इचारलास, येशात काय? अडचण काय, असा कोणाक इचारलास?"

तो वळकटीवरच बसला. "अडचण काय?"

मग वैनीनं सांगितलं. त्यानं बांधाची आखणी करताना दोरी धरून जिथे खुंट्या मारल्या, तिथेच वडाखाली एक काळा दगड आहे. तो आमचा राखणदार, वाडीचा देव. त्या जागेवर मातीला हात घालायचा तर आधी त्याला गाऱ्हाणं घालून विचारावं लागतं, नाहीतर कुणी फावडं उचलत नाही. होतचंदाला वाटलं असेल, साधा दगड आहे. आणि आम्हांला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, दगडाला विचारा म्हटलं तर हसेल. त्याचा मान राहावा आणि आमचाही राहावा, म्हणून आम्ही गप्प बसलो.

होतचंद हसला नाही. तो हळूच म्हणाला की सिंधमध्ये त्याच्या घरचे लोक दर्याची पूजा करतात. पाण्यात तांदूळ आणि साखर सोडतात. त्याची आई पाण्याला विचारल्याशिवाय होडीत पाय ठेवत नसे. ती तिथेच गेली, फाळणीत घर आणि शेतही तिथेच राहिलं. "हमसे भी एक बार किसी ने पूछा होता," असं काहीतरी तो म्हणाला आणि त्यानं वळकटीची दोरी सोडली. मला त्या क्षणी त्याच्याविषयी फार वाईट वाटलं, आणि त्याच्यावरचा माझा राग तिथेच संपला; तो शब्द तेवढा झोंबत राहिला.

आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचा मान शिवा गावकराचा. तो म्हणाला, "गाराणा घालतंय, पण सायबान सोता उभ्यान रवाक होया. बाजूक बसान चालाचा नाय." होतचंद सकाळीच आंघोळ करून, खांद्यावर धुतलेला पंचा टाकून वडाखाली आला. पुरुष पुढे, बायका मागे. शिवानं नारळ ठेवला आणि हात जोडले. मी होतचंदाच्या शेजारी उभा राहून एकेक वाक्य कानात सांगू लागलो.

"बा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमलेली आसत."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो.

"लांबसून एक माणूस इलो हा. तेचा घर, तेचा शेत, सगळा पलीकडे ऱ्हवला."

"व्हय म्हाराजा."

"तेना तुका न इचारता तुझ्या अंगावरसून दोरी ओढली. तेका म्हायत नव्हता. ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

"आणि आमी तेका येताव म्हणान सांगलाव आणि घरात बसलाव. खरा सांगूक आमका तोंड झाला नाय. ताय पोटात घाल."

ह्या वेळी आवाज जरा खाली आला. धोंडू आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होता. जे महिनाभर कुणी होतचंदाला सांगू शकलं नव्हतं, ते सगळं त्याच्यासमोर उघड बोललं गेलं, फक्त तोंड देवाकडे करून. आमच्याकडे गाऱ्हाणं त्यासाठीच असतं. आणि तिथे म्हटलेलं व्हय कुणाच्या बापालाही मागे घेता येत नाही.

शिवा बाजूला सरला. "सायबानू, तुमचा काय ता आता तुमी सांगा."

होतचंद पुढे झाला. त्यानं खांद्यावरचा पंचा काढला, दोन्ही हातांनी दगडासमोर पसरून धरला आणि आपल्या भाषेत बोलू लागला. मला त्यातलं अक्षर कळेना. कुणालाच कळेना. पण पदर पसरलेला माणूस काय मागतो ते कुणी कानात सांगावं लागत नाही. बोलता बोलता तो मधेच थांबला, पंचा तसाच पसरलेला. पुरुषांपैकी कुणाला काय करावं ते सुचेना. तेव्हा मागून, बायकांतून सुगंधावैनीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." मग सगळी वाडी म्हणाली.

त्यानं पंचा खांद्यावर टाकला आणि आमच्याकडे वळून विचारलं, "अब बोलो. अडचण काय?"

धोंडूनं घसा खाकरला. "बांध दगडाक लागता, सायबानू. वायच भायर घेतल्यार बरा."

होतचंदानं खुंट्यांकडे पाहिलं, दोरी सोडवली आणि वडाला वळसा घालून पुन्हा बांधली. पुढच्या सोमवारी खाडीवर इतकी माणसं आली की फावडी कमी पडली. बाबलीचा गुडघाही बरा झाला.

काम रंगात आलं असताना एका संध्याकाळी होतचंद म्हणाला, उद्या पहाटे दगडाचा ट्रक येतोय, सगळे या. धोंडूनं टोपली खाली ठेवली आणि म्हणाला, "नाय जमाचा. उद्या माझ्या भाचीचा लगीन." आम्ही दचकलो. होतचंद मात्र इतका आनंदला की त्यानं धोंडूला मिठी मारली आणि लग्नाला स्वतः येऊन जेवला. तिथे दुसऱ्यांदा वाढायला आले तेव्हा "पोट भरला, पण जेवाण एकदम बरा," असं आमच्या बोलीत म्हणाला. वैनी पंगतीत वाढत होती. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

पाऊस लागण्याआधी बांध पुरा झाला, आणि होतचंदाची देवगडकडे बदली झाली. निघताना तो वैनीच्या पाया पडला आणि म्हणाला, "माई, मला सांगितलंस. बेटे को भी सांग." वैनी नुसती हसली. मला वाटलं, हेही आमचंच व्हय.

पावसानं खाजणातला खार धुतला. भात विरळ आलं, कुठे कुठे टक्कलच होतं, पण उभं होतं. चवथीला गुरुदास आला तो एस्टीच्या टपावर नवी ट्रंक टाकून. मी आरतीला गेलो होतो. आरती झाल्यावर तो ट्रंक पुढे सरकवत म्हणाला, "आये, तुझा सामान ह्यात भर. परवा निघाया."

वैनीनं त्याला हाताला धरून बांधावर नेलं. मीही मागून गेलो. तिनं शेत दाखवलं. मग त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "गुरुदास, मी येवचंय नाय."

गुरुदासाच्या जन्मात आई त्याला तोंडावर नाही म्हणाली नव्हती. तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "मगे शिमग्याक व्हय कित्या म्हणालंस?"

"शिमग्याक मी तुका पावण्यासारखा सांगलंय," वैनी म्हणाली. "आज घरच्यासारखा सांगतंय."

गुरुदास शेतात उतरला. खाली वाकून त्यानं एक लोंबी हातात घेतली, दाणा दाबून पाहिला. "भरलो हा," तो म्हणाला, आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून तिच्याबरोबर घराकडे वळला.

ट्रंक तो परत घेऊन गेला नाही. वैनी तीत बियाण्याचं भात ठेवते.