खडीवर जळणारा रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे, आणि उलटा आहे. तोंड मातीत, बूड वर अशा अवस्थेत मी जपानमधल्या सानुकी प्रांतातल्या एका छोट्या गावाच्या कचेरीच्या अंगणात पुरलेला आहे. उलट्याने आत्मवृत्त सांगणे सोपे नसते, तेव्हा थोडे सांभाळून घ्या.

माझे तारुण्य समोरच्या बेटावर सोया सॉसच्या कारखान्यात गेले. माझ्या पोटात तीस वर्षे सॉस मुरला. लोक झाकण उघडून नुसता वास घेत आणि डोळे मिटत. मग तिथे स्टीलच्या टाक्या आल्या आणि मी कुंपणाशी गेलो. तिथे एका बेडकाने मला घर मानले. त्याचे माझे बरे चालले होते.

आमच्याकडे पाऊस हात राखूनच पडतो. एका वर्षी तर तो आलाच नाही. तळी आटली. नळाला दिवसातून पाच तास पाणी. उदोनच्या खानावळीत शेवया उकळायला पाणी नाही, म्हणजे आमच्या भागात सुतकच. कचेरीच्या अंगणातली हिरवळ वाळून पायपुसणे झाली, तेव्हा साहेबांनी बागा आखणाऱ्या कुझुहारा मित्सुए बाईंना बोलावले.

"ही हिरवळ आधी काढा," बाई म्हणाल्या. "आपल्यापेक्षा जास्त पाणी पिते आणि कामाला जात नाही."

मग बाई बेटावर आल्या, माझ्या पोटावर बोटाने टकटक केले आणि म्हणाल्या, "हा चालेल. आवाज खानदानी आहे." मला अजून आठवते. एवढे चांगले माझ्याबद्दल नंतर कोणी बोलले नाही.

बाईंची आखणी अशी होती. कचेरीच्या छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत, टाकीतून कोपऱ्यातल्या दगडी कुंडीत. आल्यागेल्याने बांबूचे एक ओगराळे भरून हात धुवायचे. ते पाणी गोट्यांतून झिरपून माझ्या बुडाला पाडलेल्या भोकातून आत पडायचे. माझ्या तळाशी चार बोटे पाणी. त्यावर थेंब पडला, की पोटात तार छेडल्यासारखा नाद घुमायचा. उरलेले पाणी शेजारच्या कॅमेलियाच्या मुळांना. "एकच ओगराळं," बाई सगळ्यांना बजावत. "दुसरं घेतलंत तर मी बघत असेन."

आणि बाकीच्या अंगणात पांढरी खडी.

मित्रांनो, या खडीला मी कधी पाहिलेले नाही. ती आली तेव्हा मी पुरलेला होतो. पण मत्सर करायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात. बाग उघडली त्या दिवशी सगळा गाव आला. लोकांनी ओगराळे ओतले, मी जीव ओतला. कुणीतरी "छान हं," म्हणाले आणि पुढे गेले. मग खडीपाशी जाऊन तासभर: "अगदी समुद्र!" "लाटा बघा, लाटा!" "पाण्याचा एक थेंब नाही आणि तरी पाणी!"

मी म्हणतो, थेंब नाही तर पाणी कसे? थेंब माझ्याकडे होता! दगडाचा चुरा पसरायचा, त्यावर दाताळ्याने रेघा ओढायच्या आणि त्याला समुद्र म्हणायचे. उद्या माझ्यावर रेघा ओढल्या तर मला काय पोस्टमन म्हणणार आहात?

दर सोमवारी कचेरीतले नागामिने-सान तिच्यावर दाताळे फिरवत. हळू, श्वास धरून. माझ्या अंगावरून असा कुणी कधी हात फिरवला नाही. खानावळीचा बोका मात्र खडीत येऊन नेमाने आपले विधी उरकायचा. त्याची खसखस ऐकली, की माझा दिवस चांगला जाई. हे सांगायला मला लाज वाटते, पण फार नाही.

पहिल्याच वर्षी मार्च संपता संपता कुंडीकडे येणाऱ्या वाटेवरची एक फरशी डुगडुगू लागली. नागामिने-साननी ती सिमेंटने बसवली आणि वाटेवर एक दगड ठेवला. ठक्. आमच्याकडे काळ्या दोरीने बांधलेला असा लहानसा दगड वाटेवर ठेवला, की त्याचा अर्थ 'इकडून येऊ नका'. भिंतीवरून उडी मारून आलेला चोरसुद्धा तो ओलांडणार नाही.

दुसऱ्या दिवशी एक एप्रिल. नागामिने-सानची बदली झाली. कार्यभार देताना त्यांनी खडीच्या रेघांबद्दल चौदा पाने लिहून दिली. दगडाबद्दल एक ओळ नाही.

अकरा वर्षे, मित्रांनो. नवे लोक येत, दगड उचलून खालचे झाडत आणि पुन्हा होता तिथे ठेवत. दर नववर्षाला त्याची दोरी बदलली जाई. कुणीतरी ठेवला आहे म्हणजे काही कारण असणार, असे प्रत्येकाला वाटे. पलीकडे खडीचे फोटो निघत. माझ्या तळाचे पाणी आटले. ही सगळी खडीचीच कारस्थाने आहेत, अशी माझी खात्री झाली.

मग इबुका साहेब आले. त्यांना मोजायची आवड. त्यांनी वर्षभर मोजले: कुंडी वापरणारे, शून्य. ठरले, की कुंडी काढायची, खालचा रांजण फोडून खड्डा भरायचा आणि तिथेही खडी पसरायची. माझ्याच छातीवर ती! शिष्टाचार म्हणून मित्सुए बाईंना बोलावले. बाई आता शहात्तरच्या. सोबतीला, जुने जाणकार म्हणून, नागामिने-सान.

"बाई, राग मानू नका," इबुका साहेब म्हणाले. "वर्षभरात एक माणूस फिरकलं नाही."

"फिरकेल कसं? वाटेत दगड आहे. कुणी ठेवला?"

"जुनी प्रथा आहे ती. मी आलो तेव्हापासून आहे."

"तुम्ही कधी आलात?"

"दोन वर्षं झाली."

"वा! भलतीच जुनी."

 नागामिने-साननी घसा साफ केल्याचा आवाज आला. "तो... माझा आहे. फरशी बसवली होती. सिमेंट वाळेपर्यंत म्हणून ठेवला होता."

"मग? वाळलं का?" बाईंनी विचारले.

"वाळलं असावं."

दगड उचलला गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पावले आली. बाईंनी एक ओगराळे ओतले.

मी गाणार होतो. सगळा जीव गोळा केला होता. काहीच झाले नाही.

"फुटला असेल आतून," इबुका साहेब म्हणाले. "मग काढू या ना?"

बाईंनी दुसरे ओगराळे ओतले, ज्या बाईंनी उभा जन्म कुणाला दुसरे घेऊ दिले नाही त्यांनी. तरी काही नाही. मला दरदरून घाम फुटला असता, पण त्यालाही पाणी लागते.

"अहो नागामिने-सान, पालथे पडा," बाई म्हणाल्या.

"सूट घातलाय, बाई."

"दिसतोय. पडा."

ते पडले. गोटे बाजूला केले आणि माझ्या भोकातून कॅमेलियाच्या कुजक्या पानांचा बोळा ओढून काढला. इतकी वर्षे मी जगाला बहिरे म्हणत होतो आणि बोळा माझ्यात होता. तिसरे, चौथे, पाचवे ओगराळे. तळाशी ओल आली, मग पाणी. आणि मग एक थेंब सुटला.

टिंग.

त्यामागून दुसरा. मग माझे पोट भरून तो जुना नाद घुमला.  आता माझी पाळी, मी म्हटले. आता माझे कौतुक होणार.

"अरेच्चा!" इबुका साहेब हळूच म्हणाले. "ही खडी... वाहतेय की!"

ऐकलेत? मी गायलो आणि सगळे वळले तिच्याकडे! दाताळ्याची माणसे, मोजणीची माणसे, पालथे पडलेले नागामिने-सानसुद्धा.

"तिच्यासाठीच तर याला पुरला होता," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं बिचारी नुसती खडी होती."

मित्रांनो, ते ऐकून मी एक थेंब चुकलो. मी तिच्यावर जळत होतो तेवढी वर्षे ती माझी वाट पाहत कोरडी पडली होती. मत्सर गेला का? छे, इतक्या वर्षांची सवय आहे. पण कुंडी राहिली, मी राहिलो, आणि परवा बोका खडीत आला तेव्हा, खरे सांगतो, मला त्याचा राग आला.

तेव्हा वाटेत असा दगड दिसला तर आधी विचारा, कुणी ठेवला, कधी, आणि सिमेंट वाळले का. मग या आणि एक ओगराळे ओता. दुसरे नको, पाणी जपून वापरा. आणि माझा आवाज आला, की खुशाल तिच्याकडे बघा. फक्त मला येऊन सांगा, ती कशी दिसते.