ताटलीला तेल

ताटली म्हणा, चकती म्हणा, दुकानात म्हणतात तसं डिस्क म्हणा, नावाचं मला काही पडलेलं नाही. पुंडलिकच्या ओट्यावर, दाराच्या उजव्या हाताला, खिळ्याला लटकलेली मी बोलतेय. आज खंडेनवमी. माझ्या अंगाला ताजं तेल चोपडलंय, वर हळदकुंकू आहे, आणि खाली बसलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालंय. ते का, हे ऐकायचं असेल तर बसा. गोड गोष्ट ऐकायला आला असाल तर दुसऱ्या कुणाच्या दारी जा.

जन्माचं फारसं सांगण्यासारखं नाही. पोलादाचा पत्रा होता, त्यावर साचा बसला, भोकं पडली, आणि ढीगभर बहिणींबरोबर मी खोक्यात पडले. मला जग कळलं ते पेणला, दिनानाथच्या सायकलच्या दुकानात. तिथं मला एका निळ्या सायकलच्या पुढच्या चाकाला बसवलं. मागच्या चाकाला माझ्यासारखीच एक होती. समोरच्या रस्त्यावरून जोह्याकडचे टेम्पो गणपतीच्या मूर्ती घेऊन जायचे आणि त्यांची सगळी धूळ माझ्यावर बसायची.

शेजारी रिम ब्रेकवाल्या सायकली उभ्या असायच्या. त्यांचं काम साधं. दोन रबरं दोन्ही बाजूंनी चाकाची कड चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. माझं तसं नाही. मी चाकाच्या मधोमध बसते आणि मला दोन पॅड दाबून धरतात. मी थांबले की चाक थांबतं. त्या रबरवाल्यांना मी गावठी समजायचे. त्या मला नखरेल म्हणायच्या. दोघींचंही खरं होतं.

गणपतीच्या आधी एक दिवस तिघं दुकानात आली. पुढं पुंडलिक, जन्म मिठागरात घालवलेला, रापलेला, ताठ म्हातारा. मागं त्याचा मुलगा निलेश. आणि सर्वांत मागं निलेशची बायको नमिता.

नमिता रसायनशास्त्र शिकलेली. लग्न होऊन ती खाडीकाठच्या या गावात आली आणि तांदूळ निवडत बसली. आता रोह्याच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत तिला नोकरी मिळाली होती. दसरा झाला की रुजू व्हायचं. जिते स्टेशनावरून गाडी पकडायची आणि रोह्याला उतरायचं. पण गावापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता खाडीच्या बांधावरून जातो, तिथं रिक्षा येत नाही. निलेशची शिफ्ट उरणकडे, त्याला सोडायला जमेना. म्हणून सायकल. ही सायकल म्हणजे तिची नोकरी होती, बाकी सगळं घरात होतंच.

पुंडलिकला सुनेची नोकरी नको होती. पण पोरगा जाऊ दे म्हणाला, बायको बायजाबाई जाऊ दे म्हणाली, आणि म्हाताऱ्याला नोकरीला नाही म्हणायला जागाच उरली नाही. म्हणून त्यानं ब्रेकला नाही म्हटलं.

"ही ताटली कशाला? रबराचा ब्रेक घे. मी जन्मभर रबरावर चाललो, कुठं मेलो?"

"बाबा, बांधावर चिखल असतो," निलेश म्हणाला. "रिमला चिखल लागला की रबर नुसतं घसरतं. तुमी पाय घाशीत थांबता, ते मी बघितलंय."

"देवानं पाय कशाला दिलेत मग?"

दिनानाथ माणूस सरळ. त्याला दोन्ही सायकली विकायच्याच होत्या. "बघा, रिमचा ब्रेक कुणीपण दुरुस्त करील. रबर गावातपण मिळंल. पण पाण्याचिखलात तो उशिरा धरतो, आणि तुमच्या खाऱ्या हवेत रिम गंजली की रबर खाते. डिस्क भर पावसात धरते. पण तिला जपावं लागतं, आणि काय झालं तर पेणलाच आणावी लागंल."

सगळे नमिताकडे बघू लागले. तिनं माझ्याकडे बघितलं. "डिस्क घेऊ," ती म्हणाली. "बांधाच्या उतारावर वेळेत थांबता आलं पाहिजे."

म्हाताऱ्याला सुनेनं दुकानात सर्वांदेखत मोडून काढलं. तो हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी बघितले.

मग निलेश आणि नमिता घंटी आणि टोपली निवडायला आत गेली. दिनानाथ पुंडलिकजवळ आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही घरातले मोठे, म्हणून तुम्हाला सांगतो. चेनला तेल घाला. पण या डिस्कला तेलाचा थेंब लागता कामा नये. एकदा तेल लागलं की ब्रेक गेला समजा. घरात सगळ्यांना सांगून ठेवा."

"व्हय, सांगतो," पुंडलिक म्हणाला.

जी सायकल चालवणार होती ती आत घंट्या वाजवून बघत होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. घरातला मोठा माणूस समोर उभा असताना सुनेशी कोण बोलतं? तुम्ही तरी बोलला असता का?

पुंडलिकनं घरी जाऊन काही सांगितलं नाही. सुरुवातीला तो विसरला असेल, तेवढं मी सोडून देते.

नमितानं शाळेनंतर सायकलला हात लावला नव्हता. ती रोज बांधावर सराव करायची. बांधाचा उतार जिथं संपतो तिथं उघाडी आहे, म्हणजे भरतीचं पाणी अडवायची दारं, आणि तिला दगडी कठडा आहे. एकदा भर पावसात ती उतारावरून येत असताना खाली म्हैस आडवी आली. तिनं ब्रेक दाबला, आणि मी म्हशीच्या चार हात अलीकडे चाक थांबवलं. निलेश मागून चालत येत होता. त्यानं घरी येऊन कौतुकानं सांगितलं. पुंडलिक त्या दिवशी अर्ध्या भाकरीवरून उठला.

बायजाबाई मात्र माझ्यावर खूश होती. पदरानं मला पुसायची आणि म्हणायची, "कशी चांदीवानी लखलखते गो." बाई मायाळू. या घरात दुसरं कुणी मायाळू नाही, आणि तिच्याच हातून ते झालं.

खाडीकाठी लोखंड टिकत नाही. खारं वारं कोयता खातं, विळा खातं, कडीकोयंडा खातं. म्हणून इथली माणसं लोखंडाला तेल लावतात, बाळाला लावतात तसं. आणि खंडेनवमीला तर घरातली सगळी हत्यारं अंगणात मांडून, तेल चोळून, हळदकुंकू आणि झेंडू वाहून पूजा करायची. गेल्या खंडेनवमीला कोयता, कुदळ, मिठागरातलं जुनं फावडं, सगळं मांडलं होतं. शेवटी ती निळी सायकल. बायजाबाई तेलाची वाटी घेऊन माझ्यासमोर बसली.

"अवो," तिनं ओट्यावरच्या नवऱ्याला विचारलं, "ह्या ताटलीला लावू का तेल? दोन दिस चूं चूं करते."

पुंडलिक सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला. त्याला दिनानाथचं बोलणं आठवलं, मी त्याच्या तोंडावर ते येताना बघितलं. तो विसरला नव्हता हो. त्यानं एकदा आत बघितलं, जिथं नमिता दुसऱ्या दिवशीच्या पुरणाची डाळ निवडत होती. मग सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"लाव की. लोखंडच हाय."

बायजाबाईनं मला तेल लावलं, मागच्या ताटलीला लावलं, बोटानं भोकाभोकांतून फिरवलं. पॅडनी ते पिऊन घेतलं. म्हाताऱ्याला काय हवं होतं ते मला ठाऊक आहे. सून दारात जरा घसरावी, गुडघा खरचटावा, तिनं घाबरून घरात बसावं, आणि आपण म्हणावं, मी सांगत होतो. त्याला एवढंच हवं होतं. त्यानं फार हावरेपणा केला नव्हता.

दसरा पुरणाच्या गडबडीत गेला, सायकल जागची हलली नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नमिता निघाली. नवा ड्रेस, पाठीला पिशवी, टोपलीत डबा. बायजाबाईनं तिच्या हातावर दही घातलं. ती सासऱ्याच्या पाया पडली.

"सावकाश जा गो," पुंडलिक म्हणाला. हेसुद्धा त्याला म्हणता आलं.

सपाटीवर तिला ब्रेक लावायची गरज पडली नाही. बांधावर चढलो, खाडीचं वारं लागलं, ती काहीतरी गुणगुणत होती. मग उतार आला. तिनं ब्रेक दाबला. पॅडनी मला धरलं, म्हणजे नुसतं गोंजारलं. तिनं पुन्हा दाबला, दोन्ही हातांनी, सगळा जीव लावून. मी फिरतच राहिले. मला फार वाईट वाटलं असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी पत्रा आहे, तेल लागलं की निसटते. पाय टेकवायला तिनं धडपड केली, पण म्हाताऱ्यासारखी पायांची सवय तिला कुठली? समोर उघाडीचा कठडा आला.

तिच्या गुडघ्याचा आवाज मी ऐकला. डबा उघडून भाजी चिखलात सांडली. थोड्या वेळानं लांबून गाडीचा भोंगा आला, रोह्याकडे जाणारी तिचीच गाडी. कठड्याशी पडल्या पडल्या तिनं तिकडे मान वळवली.

पुढचं सगळं मी ओट्यावरच्या बोलण्यातून ऐकलं. आधी पेणला नेलं, तिथून पनवेलला. पाय वाचला, पण वाकत नाही. कंपनीनं थोडे दिवस वाट बघितली आणि मग दुसरी मुलगी घेतली. फोन आला तेव्हा नमिता प्लास्टरमध्ये होती, बायजाबाईनंच फोन तिच्या कानाला धरला होता. "हो सर, समजलं," एवढंच ती म्हणाली म्हणे.

निलेशनं मोडकी सायकल घरी आणली आणि अंगणात आपटली. "मीच घेतली ही, मीच," एवढंच बरळत होता. त्यानं सांगाडा भंगारवाल्याला देऊन टाकला, माझी मागची बहीणही त्यातच गेली. मला मात्र पुंडलिकनं सोडवून घेतलं आणि इथं खिळ्याला टांगलं.

मग म्हाताऱ्याचा जो काय थाट सुरू झाला तो विचारू नका. भेटायला माणसं यायची, नमिता आत पडलेली असायची, आणि हा बाहेर माझ्याकडे काठी रोखून सांगायचा, "ह्या ताटलीनं माझ्या सुनेचा पाय खाल्ला. मी दुकानात बोललो होतो, रबर घ्या. पण म्हाताऱ्याचं कोण ऐकतं?" लोक मान डोलवायचे. पुंडलिकदादांना कळलं होतं हो, म्हणायचे. गावात कुणी सायकल घ्यायला निघालं की आधी ह्याच्या ओट्यावर यायचं आणि हा तासभर डिस्क आणि रिम समजावून द्यायचा. मिठागर बंद पडल्यापासून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. सुनेचा पाय मोडला आणि हा शहाणा ठरला. मला तो रोज कोरड्या फडक्यानं पुसायचा, येणाऱ्याला लखलखीत दिसावी म्हणून.

बायजाबाई वर्षभर देवाला विचारत राहिली की पूजेत काय कमी पडलं. मंगळवार धरला. सुनेचा पाय रोज तेलानं चोळायची. निलेश बापाच्या नजरेला नजर देईना. बाप बरोबर होता आणि आपण चुकलो, हे त्याच्या पाठीवर बसलं होतं. आणि नमिता तांदूळ निवडत होती, आता एक पाय लांब करून.

आज सकाळी पुन्हा हत्यारं मांडली. नमिता दाराशी भिंतीला टेकून झेंडू ओवत होती. सगळ्यांना तेल लावून झालं, तशी बायजाबाई वाटी घेऊन माझ्याकडे वळली. पोरीचा पाय खाल्लेली असले तरी लोखंडच मी. मला वगळायचा तिला धीर झाला नाही.

"अवो, हिला लावू ना?"

पुंडलिक सुपारी कातरत होता. वर्षभराच्या शहाणपणाची सवय, तोंडातून निघून गेलं. "तिला नको गो. डिस्कला तेल चालत नाय, ब्रेक लागत नाय मग."

नमिताच्या हातातला झेंडू थांबला.

"बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तो... दुकानवाला. दिनानाथ."

"कधी?"

पुंडलिकनं सुपारी पुन्हा कातरायला घेतली. सायकल घेतल्यापासून तो त्या दुकानाची पायरी चढला नव्हता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बायजाबाई वाटी धरून तशीच उभी होती. तिला समजायला जरा वेळ लागला. मग ती खाली बसली.

"मी तुमाला इचारलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "तेल लावायच्या आधी मी तुमाला इचारलं होतं ना?"

बायजाबाई आपल्या बोटांकडे बघत राहिली. त्याच बोटांनी तिनं गेल्या साली मला आणि वर्षभर सुनेच्या गुडघ्याला तेल चोळलं होतं.

नमिता भिंत धरून उठली. पाय ओढत आली, सासूच्या हातातली वाटी घेतली, आणि मला तेल लावलं. सावकाश, भोकाभोकांतून, सासऱ्याच्या डोळ्यांसमोर. वर हळद लावली, कुंकू लावलं, एक फूल अडकवलं. रडली नाही, ओरडली नाही. ती ओरडली असती तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

"ही अशीच राहू दे," ती म्हणाली. "पुसायची नाही."

तेव्हापासून तो असा बसलाय. दोनदा त्याचा हात फडक्याकडे गेला आणि परत आला. जेवायला कुणी हाक मारली नाही.

मला विचाराल तर डिस्क घ्या की रिम घ्या, माझं काही म्हणणं नाही. चिखलपाणी असेल तर माझ्यासारखी घ्या, गावात दुरुस्ती हवी असेल तर रबरवाली घ्या. पण जपायचं काय ते चालवणारीला सांगा, तिच्या तोंडावर सांगा. घरातल्या मोठ्याकडे निरोप ठेवू नका. आणि आता मला इथून काढू नका. मी बरी आहे.

निलेशच्या मोटारसायकलचा आवाज आला. तो अंगणात उतरला, चपला काढल्या, आणि त्याची नजर माझ्यावर गेली. तेलाचा एक ओघळ भिंतीवरून खाली आला होता.

"हिला तेल कुणी लावलं?"

बायजाबाईनं तोंडाला पदर लावला. नमितानं वाटी खाली ठेवली.

"मी लावलं," ती म्हणाली. "गेल्या साली का लावलं होतं, ते बाबांना विचारा."