खेचराचा हिरवा तुकडा

तिरुवर्क माझ्या बांधावर उभी राहून म्हणाली, "अगं अस्नाकेच, काय हिरवागार सातू गं तुझा!" आणि पंधरा दिवसांत माझा सातू पिवळा पडला. मला दुसरा पुरावा नको होता. वीस वर्षांचा शेजार, पण तिचीच नजर लागली म्हणून मी गावभर बोंबलले आणि तिला कॉफीला बोलावणं बंद केलं. जानेवारीत माझ्या लेकीचं, अयालेचचं लग्न. वऱ्हाडाला पाजायची तेल्ला त्याच सातूची व्हायची होती. सातूची घरची दारू नाही, ते कसलं लग्न!

मग शेतीखात्याची हिरुत आली. तिनं एक खुरटलेलं रोप धरून पान उलटं केलं. खाली बारीक किड्यांचा मावा चिकटला होता.

"मावशी, हा रोगट झाडाचा रस पितो, तेव्हा विषाणू पोटात घेतो. दुसऱ्या झाडाला टोचलं की तिथं सोडतो. रोग लागल्यावर औषध नाही. पण कोरड्या दिवसांत रानात काही हिरवं नसताना हा राहिला कुठे?"

बोलत बोलत ती शेताकडेच्या झऱ्यापाशी गेली. सगळ्यात जास्त पिवळं तिथंच होतं, आणि मधे आपोआप उगवलेल्या सातूचा एक जुना तुकडा.

"हा कुणी राखला?"

"मी. खेचरासाठी. पाणी घालून."

"म्हणजे खेचराबरोबर मावाही पोसलात. पेरणीआधीच उपटायचा होता."

माझं तोंड एवढंसं झालं. बिचाऱ्या तिरुवर्कला काय काय बोलले होते मी! फार लाज वाटली.

आमच्याकडे माफी मागायची तर मानेवर दगड घेऊन जावं लागतं. गेले. अख्खं गाव बघत होतं.

तिरुवर्क दारातच उभी. "एवढासा दगड? बोंबलताना आवाज तर मोठा होता."

मी मुकाट्यानं परत जाऊन मोठा आणला. मान मोडायची वेळ आली तेव्हा ती हसायला लागली आणि तिनंच तो उतरवला.

"राहू दे इथं, कॉफीला बसायला होईल. आणि तेल्लाला सातू माझा ने, माझं वरचं शेत वाचलंय. पण हिरुतनं दाखवलेला तो खेचराचा तुकडा आधी उपट."

त्याच संध्याकाळी उपटला.

लग्नाच्या दिवशी तिच्या सातूची तेल्ला सगळ्यांच्या हातात होती. अयालेच नटून बाहेर आली. तिरुवर्कनं तिच्याकडे बघून तोंड उघडलं, आणि पटकन ओठ मिटून मान खाली घातली.

"बोल गं बाई," मी तिचा हात धरला. "माझ्या पोरीला छान म्हणायला तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

मग मात्र तिचं तोंड दिवस मावळेपर्यंत बंद झालं नाही.