मावशीचा खोकला

"मावशीसाठी खोकल्याचं औषध द्या," मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली. कारण मला मावशी नाही. कधी नव्हतीच. माझी आई एकुलती एक.

मावशी होती ती माझ्या कादंबरीत. सकाळी कामावर निघण्याआधी मी जे प्रकरण लिहीत होतो, त्यात ती खोकून खोकून बेजार होऊन उशीला टेकून बसली होती आणि तेवढ्यात मोबाइल बोंबलला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत एक जाडजूड वकील होते आणि ते दारावर लाथा घालत होते. मी लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस अडकला की वाक्य अर्धं टाकून पळावं लागतं. वाक्य अडकलं तर कोणी धावत येत नाही. असो. वकिलांना बाहेर काढलं, त्यांची बोलणी खाल्ली, दाराचा बिघडलेला स्विच बदलला आणि परतताना डोकेदुखीची गोळी घ्यायला दुकानात शिरलो. हात काळे झाले होते, डोकं मात्र अजून त्या उशीपाशीच होतं.

"मावशी? आणि त्या कधी आल्या?" औषधवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. आख्खा रस्ता त्याला डॉक्टर म्हणतो. तो डॉक्टर नाही, पण कोणी तसं म्हटलं की त्याला बरं वाटतं, म्हणून आम्हीही म्हणतो. "वय काय त्यांचं?"

"सत्तरीच्या पुढे."

"खोकला कोरडा की कफ पडतो?"

"कोरडा. पहाटे जास्त."

"बीपी?"

"आहे. पण गोळ्या घेत नाही. उशीखाली लपवते."

मला सगळं ठाऊक होतं ना! तिच्याबद्दल मला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. डॉक्टर खुशीत हसला. "माझी आईपण अश्शीच होती. लबाड. हे घ्या, झोपताना दोन चमचे. आणि काय फरक पडतो ते सांगायला या बरं का."

तिथल्या तिथे "चुकलो हो" म्हणून हसलो असतो तर विषय मिटला असता. पण त्या दुकानात मी इतकी वर्षं जातोय, आणि या माणसाने मला पहिल्यांदाच 'सुटे आहेत का' याखेरीज काही विचारलं होतं. मी बाटली घेऊन आलो. डोकेदुखीची गोळी राहूनच गेली.

मी राहतो चौथ्या मजल्यावर. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हसा, सगळेच हसतात. घरात मी एकटा. बायको होती, ती मुलाला घेऊन दुसऱ्या गावी गेली, त्यालाही आता बराच काळ लोटला. भांडण असं काही झालं नाही. एवढंच म्हणाली, "तुमच्या डोक्यात एवढी माणसं राहतात, त्यात मी कुठे राहू?" मुलगा वाढदिवसाला फोन करतो. त्याच्या नव्हे, माझ्या.

पुढच्या खेपेला दुकानात पाय ठेवायच्या आत डॉक्टरने विचारलं, "काय म्हणतायत मावशी?" मी म्हटलं, थोडा आराम आहे. त्याने आणखी एक बाटली काढली. नको कसं म्हणणार? बातमी तिथून आमच्या इमारतीत चढली. माझ्या खालीच, तिसऱ्या मजल्यावर, एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. गुडघ्यांनी असहकार पुकारलेला, त्यामुळे बाई फारशा कुठे जात नाहीत. एका संध्याकाळी जिना चढत होतो तर त्यांचं दार उघडं.

"अहो, थांबा. मावशींसाठी सूप केलंय." त्यांनी स्टीलचा छोटा डबा पुढे केला. "वर येऊन भेटले असते हो, पण इथवर चढतानाच माझा जीव जातो. तुमचा मजला म्हणजे मला डोंगर."

सूप मी प्यायलो. छान होतं, जरा अळणी. मावशीला बीपी ना.

मग साहेबांचा फोन आला. रविवारी सकाळी एका हॉस्पिटलच्या लिफ्टची तपासणी, तूच जा. रविवारची सकाळ म्हणजे मला आठवड्यात मिळणारे एकमेव सलग मोकळे तास. पूर्वी एकदा मी छाती पुढे काढून खरं कारण सांगितलं होतं, साहेब, मला लिहायला बसायचंय. त्यावर ते म्हणाले होते, "काय लिहायचंय? अर्ज? मग जेवणाच्या सुट्टीत लिही की." या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, मावशी आजारी आहे. घरी कोणी नाही."

"अरे गाढवा, मग आधी नाही का सांगायचं! तू घरी थांब. मी दुसऱ्याला पाठवतो. काही लागलं तर फोन कर."

मी फोन हातात धरून नुसता बघत राहिलो. वीस-बावीस वर्षं मी लिहिण्यासाठी वेळ मागतोय. बायकोकडे मागितला, साहेबांकडे मागितला, झोपेकडे मागितला. कोणी दिला नाही. आणि एका म्हातारीने नुसतं खोकून मला रविवार मिळवून दिला!

पुढे काही महिने साहेबांनी रविवारी बोलावलंच नाही, आणि त्या महिन्यांत मी जसं लिहिलं तसं आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. माझी लिहायची एक खोड आहे. मला सगळं बोलून बघावं लागतं. मावशी बोलली की तिच्या आवाजात, भाचा बोलला की त्याच्या आवाजात. मावशी खोकली की मीपण खोकतो. खोकला नीट जमला नाही तर पुढचं वाक्य येतच नाही. माझी बडबड सुरू झाली की खाली बाईंचा रेडिओ बंद व्हायचा. बिचाऱ्यांना माझा त्रास होत असेल, असं वाटायचं, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही.

गोची पुढे होती. मावशीला मरायचं होतं. पहिल्या पानापासून ते ठरलेलं होतं. तिने वाढवलेला भाचा कामाच्या रगाड्यात उशिरा पोचतो आणि तोवर ती गेलेली असते, अशी ती कादंबरी. ती गेली की माझं पुस्तक पुरं. ती गेली की माझे रविवारही गेले, आणि "काय म्हणतायत मावशी?" हेही गेलं. मला भीती वाटायला लागली. उगाच कशाला लपवू? रोज कोणीतरी दारातून काहीतरी विचारतं, याची मला चटक लागली होती.

म्हणून मी तिला जगवत ठेवलं. तिला उन्हात बसवलं. तिला जुन्या गोष्टी आठवायला लावल्या. तिला सूप पाजलं. शेवटी, ज्यांना मी एकेक प्रकरण पाठवत होतो त्या संपादकांचा फोन आला.

"अहो, मावशींचं काय चाललंय? सलग तीन प्रकरणं त्या नुसत्या उशीला टेकून बसल्यात."

"जरा सुधारणा आहे तिच्यात," मी म्हणालो.

"कादंबरीत?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "पुस्तक चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. पण आता तुम्ही त्या म्हातारीला छळताय. जाऊ द्या तिला."

त्याच आठवड्यात दुकानात दोघं एकदमच भेटले. बाई गुडघ्यांचं मलम घ्यायला कशाबशा उतरल्या होत्या आणि डॉक्टर काउंटरवर कोपरं टेकून त्यांना काहीतरी सांगत होता. मला बघून म्हणाला, "बरं झालं आलात. हा खोकला फार लांबला. रविवारी मी वर येतो आणि माझ्या ओळखीच्या खऱ्या डॉक्टरांनाही आणतो. एकदा छाती तपासून घेऊ."

"नको, नको... म्हणजे, तिचा दुसरा भाचा येतोय. उद्याच घेऊन जातोय तिला. तिकडे मोठं हॉस्पिटल आहे."

"न भेटताच जाणार त्या?" बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका पडला की मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"पहाटेच निघायचंय," मी म्हणालो.

आता दुसरा मार्गच उरला नाही. घरातून तिला मीच बाहेर काढलं होतं, तेव्हा कादंबरीत तरी किती दिवस धरून ठेवणार? रविवारी सकाळी बसलो आणि लिहून टाकलं. मोबाइल वाजला नाही. कुठली लिफ्ट अडकली नाही. त्या दिवशी अडकली असती तर मी तिला हार घातला असता. मावशी भाच्याची वाट बघत होती. मधूनच खोकत होती. मी तो खोकला बारीक करत नेला, आणखी बारीक, आणि मग एका वाक्यानंतर तो आलाच नाही. भाचा जिना चढतोय, असं लिहून पूर्णविराम दिला आणि टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. माझी आई गेली तेव्हा मी एवढा रडलो नव्हतो. तेव्हा धावपळच एवढी होती.

दुपारी ब्रेड संपलेला, म्हणून खाली उतरलो. डॉक्टर दुकान बंद करत होता. माझा चेहरा बघून शटर अर्ध्यावर सोडून पुढे आला.

"काय हो? काय झालं?"

"मावशी गेली."

मी ते मुद्दाम म्हणालो नाही. त्या क्षणी माझ्याकडे दुसरी कुठलीच बातमी नव्हती आणि ही खरी होती. तिकडच्या हॉस्पिटलात गेली, असं समजून डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. माझ्या खांद्यावर कोणी हात ठेवला, त्याला किती काळ झाला होता कोण जाणे.

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, विश्रांती, पुन्हा एक पायरी. दार उघडलं तर डॉक्टरच्या खांद्याचा आधार घेत बाई डोंगर चढून आल्या होत्या. घामाघूम. मी त्यांना दोन खुर्च्या दिल्या आणि स्वतः स्टुलावर बसलो. साहेबांचा फोन येऊन गेला होता, त्यांच्यापुढेही माझ्या तोंडून तेच निघालं होतं. "तीन दिवस येऊ नकोस, मी सांभाळतो," म्हणाले होते. मला कुणाकडे बघावं कळेना.

"तुम्ही सकाळपासून पाणी तरी प्यायलात का?" बाई म्हणाल्या. "बसा. मी आणते."

मी उठेपर्यंत त्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या. आणि मग मला आठवलं. ओट्यावरच्या फळीवर, पेल्यांच्या शेजारीच, त्या बाटल्या होत्या. खोकल्याच्या औषधाची आख्खी रांग. एकाही बाटलीचं झाकण मी उघडलं नव्हतं. आत पेला वाजला, आणि मग कितीतरी वेळ काहीच वाजलं नाही. मी जमिनीकडे बघत बसलो. आता सगळं संपलं, आता बाहेर येऊन त्या विचारणार आणि मी काय सांगणार, की मला सोबत हवी होती?

बाई पाणी घेऊन आल्या. पेला माझ्या हातात दिला आणि शांतपणे खुर्चीत बसल्या.

"एक विचारू?" डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज जरा कापत होता. "माझ्या औषधाने त्यांना थोडा तरी फरक पडला होता का?"

मी पेला तोंडाला लावला.

"पडला होता की," बाई म्हणाल्या. "मी खालीच तर राहते. रोज सकाळी खोकला ऐकायचे त्यांचा. शेवटी शेवटी फार कमी झाला होता."

डॉक्टरने चष्मा काढून पुसला. "मग ठीक," तो म्हणाला. "मग ठीक."

"फोटो नसेल त्यांचा," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता. "तर मग तुम्हीच सांगा. कशा होत्या त्या?"

मी सांगायला लागलो. लहानपणच्या तिच्या खोड्या, तिचं लग्न न होणं, भाच्याला शाळेत सोडताना तिचं ते घाईघाईने चालणं. उशीखालच्या गोळ्या सांगितल्या तेव्हा डॉक्टर रडता रडता हसला. अंधार पडायला लागला तरी कोणी उठलं नाही. इतकी वर्षं मी लिहितोय, पण समोर बसून माझी गोष्ट ऐकणारी माणसं मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा बघितली.

निघताना डॉक्टर दोन पायऱ्या उतरून बाईंसाठी थांबला. मला त्यांचा डबा आठवला. मी तो आणायला वळलो.

"राहू दे वरच," बाई म्हणाल्या. मग डॉक्टरला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "पुढे दुसरं कोणी आलं तुमच्याकडे राहायला, तर लागेल. आणि जरा मोठ्यानं बोलत जा हो. शेवटी शेवटी त्या फार हळू बोलायच्या. मला रेडिओ बंद करूनसुद्धा नीट ऐकू यायचं नाही."

मी काहीतरी बोलणार होतो, पण त्या कठड्याला धरून उतरायला लागल्या होत्या. एक पायरी, विश्रांती, पुन्हा एक पायरी. खालच्या दाराची कडी वाजेपर्यंत मी उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मोबाइल गप्प. ऊन टेबलावर आलेलं. मी सवयीने कोरा कागद घेऊन बसलो. खाली बाईंचा रेडिओ चालू होता. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला तसा तो बंद झाला. मी घसा खाकरला. खालून काहीच आवाज येत नव्हता, म्हणजे बाई ऐकत होत्या. पण मावशीनंतर माझ्या डोक्यात बोलणारं कोणीच उरलं नव्हतं.