घोड्याचं इंग्रजी

लिंडानं निळी फीत अण्णांच्या कोटाला टाचली आणि दोन पावलं मागं सरून पाहिलं. अण्णांनी मान खाली घालून फितीवरची सोनेरी इंग्रजी अक्षरं बघितली.

"काय लिहिलंय गं?" त्यांनी शेजारी उभ्या लेकीला, अबोलीला विचारलं.

"गेस्ट, अण्णा. मानाचे पाहुणे."

"सगळ्यांनाच लावतात का?"

"नाही. फक्त तुम्हाला."

अण्णा अवघडून हसले. कोट अबोलीनं नोव्हाय शहरातल्या दुकानातून मुद्दाम आणलेला. ऑगस्टच्या उन्हात तो घालून उभं राहणं म्हणजे शिक्षाच होती. पण रेसकोर्सचा माजी अधिकारी नुसत्या शर्टावर कसा येईल?

होय, अधिकारी. ही करामत अबोलीची. तीन वर्षांपूर्वी ऑफिसात जेवताना लिंडा आपल्या घोडीबद्दल भरभरून बोलत होती, तेव्हा अबोली बोलून गेली, की माझे वडील पुण्याला रेसकोर्सवर होते. लिंडानं डोळे मोठे करून विचारलं, "मॅनेजमेंटमध्ये?" आणि अबोलीनं मान हलवली. बस, एवढंच. मान हलवायला काय लागतं? पुढं मराठी मंडळातही तेच चालू राहिलं. अण्णा चाळीस वर्षं मोतद्दार होते, म्हणजे लीद काढणारे, खरारा करणारे, आजारी घोड्याशेजारी गोणपाट टाकून झोपणारे, हे तिनं अमेरिकेत कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, पण तोही सोयीनं गप्प बसायला शिकला होता. अण्णांनाही तिनं येताना गाडीत बजावलं होतं, की तुम्ही ऑफिसात होता असं इथं सांगितलंय.

अण्णा पहिल्यांदाच लेकीकडं आले आणि लिंडानं लगेच आमंत्रण दिलं. तिच्या गावची काउंटीची जत्रा, मक्याच्या शेतांमधला मातीचा ट्रॅक, एका बाजूला लाकडी ग्रँडस्टँड. इथं घोड्यावर कुणी बसत नाही. त्याच्यामागं दोन चाकांची हलकी गाडी जुंपतात आणि हाकणारा तीवर पाय फाकून बसतो. आमच्या पणजोबांच्या वेळेपासून हे असंच चाललंय, असं लिंडा अभिमानानं सांगत होती.

"टांगाच की गं हा," अण्णा म्हणाले आणि सकाळपासून पहिल्यांदाच मोकळे हसले.

तबेल्याशी आल्यावर तर त्यांची चालच बदलली. लिंडाचा भाऊ रुबीला गाडीला जुंपत होता. लिंडाकडं हीच एक घोडी. रुबीची आई मेल्यावर तिला लिंडानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. अण्णांनी घशातल्या घशात कसलासा आवाज काढला. रुबीनं कान त्यांच्याकडं वळवले. ते वाकले, त्यांचा हात सवयीनं घोडीच्या पायाकडं गेला, तोच अबोलीनं त्यांची बाही धरली.

"अण्णा, नका ना हात लावू. लोक बघतायत."

अण्णा सरळ झाले. पण नजर पायावरच होती.

"पुढचा डावा बघ," ते हळूच म्हणाले. "भारच घेत नाही त्याच्यावर. सांग त्यांना, आज पळवू नका म्हणावं."

"काय म्हणाले? काय म्हणतायत?" लिंडानं उत्सुकतेनं विचारलं.

ऑफिसात बसलेल्या माणसाला एका नजरेत हे कसं दिसलं, असं लिंडा विचारेल. मग दुसरा प्रश्न येईल, मग तिसरा. आणि अण्णांचं वय झालंय, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, चुकलेही असतील. हे सगळं अबोलीच्या मनात क्षणात येऊन गेलं.

"ही सेज शी इज ब्यूटिफुल," ती म्हणाली.

लिंडानं आनंदानं अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले. अण्णा मात्र अबोलीकडं बघत राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण घोड्याचं इंग्रजी येत होतं. ट्रेनरच्या, डॉक्टरच्या तोंडून चाळीस वर्षं ऐकलेलं. लंगडणाऱ्या घोड्याला ‘लेम’ म्हणतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तो शब्द लेकीच्या बोलण्यात आला नाही, हे त्यांना कळलं होतं. एवढा एक शब्द तर ते स्वतःही बोलू शकले असते. त्यांनी हात सोडवून घेतले, कोटाच्या खिशात घातले आणि ते बाजूला झाले.

शर्यत सुरू झाली तेव्हा ग्रँडस्टँडमध्ये सगळे उभे राहिले. अण्णा बसूनच होते. दुसऱ्या वळणावर रुबीचा पाय मुडपला, गाडी तिरकी झाली आणि लिंडाचा भाऊ खाली उडी मारून तिच्या तोंडाशी धावला. लोकांच्या तोंडून एकदम ‘ओह’ निघालं. अण्णांनी डोळे मिटून घेतले. अबोलीला त्यांच्याकडं बघायचं धाडस झालं नाही.

घोडीला कसंबसं ट्रॅकबाहेर आणलं होतं. ती तीन पायांवर थरथरत उभी होती. डॉक्टर निघाला होता, यायला वेळ होता. लिंडा बाहीनं नाक पुसत थेट अण्णांसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही तर एवढे घोडे बघितलेत. आधी काही दिसण्यासारखं होतं का? माझं काही चुकलं का?"

प्रश्न मराठीत सांगायच्या ऐवजी अबोली घोडीकडं बघू लागली. पण अण्णांना लिंडाच्या चेहऱ्यावरूनच प्रश्न कळला असावा.

"नो, मॅडम," ते म्हणाले. "आय ऑफिस. ओन्ली ऑफिस. हॉर्स नॉट नो."

हे तोडकंमोडकं वाक्य त्यांनी कधी जुळवून ठेवलं होतं, कोण जाणे. धरणीनं पोटात घ्यावं असं अबोलीला झालं. ज्या माणसाला विचारल्याशिवाय मालक घोडा पळवत नसत, त्याच्या तोंडी आपण हे घातलं. त्यांनी चारचौघांत कानाखाली मारली असती तरी तिला बरं वाटलं असतं.

लिंडानं मान हलवली आणि ती घोडीकडं परत गेली. अण्णा लेकीच्या जवळ सरकले.

"पायावर गार पाण्याची धार धरायला सांग. आणि डॉक्टर येईस्तोवर एक पाऊलही चालवू नका म्हणावं."

"सांगते."

"मी म्हणालो म्हणू नकोस," अण्णा हलक्या आवाजात म्हणाले. "तूच कुठंतरी वाचलं होतंस म्हण."