आण्णांची गार हवा

वडिलांच्या वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी चुलतभाऊ धैर्यशील सांगलीहून साताऱ्याला आला आणि त्याने श्रद्धांजली चिकटवली. कुठे, तर वडिलांच्या गाडीच्या बंपरवर. फ्लेक्सच्या तुकड्यावर फेटा बांधलेले आण्णा, खाली ‘आमचे प्रेरणास्थान’. फेटा त्यांनी आयुष्यात एकदाच बांधला, माझ्या लग्नात, तोही नाइलाजाने.

आण्णा लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि त्यांनी ही जुनी स्पोर्ट्स कार घेतली. इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवला. मग सहा वर्षं एकच ध्यास, इंजिनाला गार हवा मिळाली पाहिजे. गरम हवा विरळ, तिच्यावर इंजिन अर्धपोटी राहतं. म्हणून त्यांनी एअर फिल्टरभोवती पत्र्याची पेटी केली आणि बंपरच्या डाव्या भोकापासून तिथवर जाड पाइप नेला. नातेवाईक त्याला डबडं म्हणत. धैर्यशीलने तर प्रेरणा घेऊन बदली चकचकीत उघडा फिल्टरच आणला होता. त्याच गाडीने मी त्याला घेऊन सांगलीला निघाले, तेव्हा तो म्हणाला,

“सांगलीत ह्ये डबडं काढून टाकू, ताई. लय जुनं झालं.”

मी म्हटलं, सांगलीपर्यंत गाडीने नीट ओढलं तर पेटी राहील, नाहीतर काढ. त्याने लगेच मान्य केलं. जिंकायची खात्री असली की माणसं उदार होतात.

कराडपुढे उसाची ट्रॉली ओलांडायला गाडीने इतका वेळ घेतला की ट्रॉलीवरच्या बाईंनी आमची कीव केली. आण्णांनी इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान दाखवणारा काटा बसवला होता. बाहेर तेहतीस, काटा बहात्तरवर. धैर्यशील सांत्वनाच्या आवाजात म्हणाला, आण्णांनी प्रयत्न लय केला.

पेठ नाक्यावर मी बॉनेट उघडलं, पेटीकडचं टोक सोडवून पाइपात हात घातला. पुढे फ्लेक्सची पाठ लागली. श्रद्धांजलीने भोक गच्च बुजवलं होतं आणि गाडी पेटीच्या फटींतून इंजिनाचीच गरम हवा ओढत होती.

“भोक रिकामंच दिसत हुतं,” धैर्यशील म्हणाला. “फोटो मापात बसला.”

मी डिकीतून ब्लेड काढलं.

“आण्णांच्या तोंडावर ब्लेड? आवं ताई, लोक बघत्यात.”

लोक खरंच बघत होते. मी फेट्यापासून सुरुवात केली आणि भोकाच्या कडेने कापत गेले. हनुवटीपाशी हात थांबला, थोडा वेळ. मग उरलेलं कापलं. चेहरा अखंड निघाला. बंपरवर राहिलं मोकळं भोक आणि खाली ‘आमचे प्रेरणास्थान’. प्रथमच मजकूर योग्य जागी होता.

इस्लामपूर सोडलं तेव्हा काटा एक्केचाळीसवर होता. पुढच्या दोन ट्रॉल्या दिसल्या आणि मागे गेल्या. धैर्यशील आण्णांचा चेहरा मांडीवर घेऊन बसला होता, तो कसा धरावा हे त्याला कळत नव्हतं. आष्ट्यापाशी म्हणाला, दुकानदार फिल्टर परत घेतो का बघतो. मग विचारलं, “ह्ये समदं आण्णांनी कुनाला सांगितलं न्हाई व्हय कवा?”

“दर रविवारी सांगायचे,” मी म्हटलं. “मला. मी हूं म्हणायचे आणि वाचत बसायचे.”