प्लास्टिकमधले साचे

बायको गेल्यावर कित्येक दिवसांनी कारागिराने मागच्या खोलीचं दार उघडलं, तर बुरशीचा वास नाकात शिरला. बूट ज्यांवर ताणून शिवतात ते गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे त्या खोलीत असायचे. बायकोने ते आढ्याखालच्या दांड्यांना जोडीजोडीने टांगले होते, भिंतीपासून हातभर लांब. खोलीत ना शेगडी ना ऊन. कोरड्या दिवशी खिडकी उघडायची, धुकं आलं की लावायची, हे काम तिचं.

आता दांड्या रिकाम्या होत्या. साचे प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून बाहेरच्या भिंतीला लागून फरशीवर रचले होते. प्लास्टिकला आतून घाम फुटला होता.

हा प्रताप धाकट्या भावाचा. लोकांचं घरसामान बांधून पोचवणं हा त्याचा धंदा. कारागिराने त्याला बोलावून घेतलं.

"तूच ना रे?"

"मीच. तू इकडे फिरकतच नव्हतास, दादा. म्हटलं, बाहेरची ओल लागू नये."

"आणि आतली कुठे जाणार होती? लाकूड आहे ते, लोणच्याची बरणी नाही."

"मी चांगल्यासाठीच केलं."

"तुझं चांगलं हे असं. वाईट करायचं मनात आणलंस तर मला घर सोडून पळावं लागेल."

भाऊ निघून गेला आणि हीटर घेऊन आला. तो लावलेला बघून कारागिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने वायर उपटली.

"आधी कुजवलेस, आता तडकव. फुगलेलं लाकूड भराभर वाळलं की चिरतं. उंटावरचा शहाणा कुठला."

मग दोघं खाली बसून प्लास्टिक कापायला लागले. बरेचसे साचे पुसून, टांगून, सावकाश वाळण्यासारखे होते. पण टपालवालीचा डावा साचा हातात घेतला आणि दुखऱ्या जागी बूट सैल राहावा म्हणून त्याच्यावर चिकटवलेल्या चामड्याच्या चकत्या सालीसारख्या निघून आल्या. तिचा डावा पाय जन्मापासून वाकडा, आणि दिवसभर चालायचं तिला त्याच पायावर.

"तिला बोलव, परत माप घे," भाऊ म्हणाला.

"माप आहे माझ्याकडे. दुखतं कुठे ते फितीवर येत नाही. तुझी वहिनी तिचा पाय मांडीवर घेऊन बसायची. बोटाने दाबत जायची आणि तेवढीच चकती तासायची. तीन हिवाळे लागले त्याला."

"मग वहिनीने कुठे लावल्या होत्या, तुला आठवत नाही?"

"तिच्या बोटांत होतं ते. बोटं घेऊन गेली." आणि एवढा वेळ भावावर निघणारा राग एकदम बायकोवर निघाला. "बोडक्याचं खिडकी खिडकी करायची. मला कशाला एकट्याला ठेवलं या साच्यांत?"

भाऊ साचा पुसत राहिला.

पुढच्या आठवड्यात टपालवाली आली. तिने डावा बूट काढला, मोजा काढला आणि सवयीने पाय पुढे केला. कारागीर तिच्यासमोर स्टुलावर बसला. हात काही पुढे होईना.

"नंतर या," तो म्हणाला, आणि जरा तुसड्यासारखंच म्हणाला.

तिने बूट चढवला.

बाकीचे साचे दांडीवर आहेत. खिडकी भाऊ येऊन उघडतो. टपालवालीचा उजवा बूट शिवून तयार आहे. डाव्याच्या साच्यावर अजून एकही चकती बसलेली नाही.